जित्याची खोड : काही शब्द, काही हालचाली आणि डॉ. जॉन्सन

'जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही' ही म्हण आपण सहज वापरतो. तीत एक विलक्षण निवाडा दडलेला आहे. खोड जाणार नाही हे म्हणीला मान्य आहे; तरीही दोष मात्र ज्याला खोड आहे त्याच्याच पदरात टाकलेला आहे. सुटणे शक्य नाही आणि न सुटल्याबद्दल क्षमाही नाही, अशा या कोंडीत वर्गातली काही मुले वर्षानुवर्षे बसलेली असतात. सतत डोळे मिचकावणारा मुलगा, मान उडवणारी मुलगी, दर मिनिटाला घसा खाकरणारा कुणी. वैद्यक यांतल्या पुष्कळांना 'टिक' म्हणते. (टीकाशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी या शब्दाचे अनेकवचन 'टिका' करून घोटाळा वाढवू नये, म्हणून आम्ही तो पुल्लिंगी आणि दोन्ही वचनांत सारखाच वापरतो.) या टिकांचे प्रकार एकमेकांपासून आणि इतर हालचालींपासून वेगळे कसे ओळखले गेले, हा इतिहास वैद्यकाचा आहे हे खरे. परंतु तो वाचताना आमच्या असे लक्षात आले की, तो बऱ्याच अंशी शब्दांचाही इतिहास आहे, आणि त्यातला एक कळीचा पुरावा तर थेट इंग्रजी वाङ्मयातूनच येतो.

आधी आपले शब्द पाहू. मराठीत या प्रांतात निदान चार शब्द वावरतात : खोड, चाळा, चळ आणि लकब. 'खोड' माणसाइतकीच जनावरालाही असते. सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेतल्या जनावरांच्या बाजारात गिऱ्हाईक बैलाचे दात पाहते आणि मग खोड विचारते. मारका आहे का, औताला जुंपल्यावर बसतो का. गंमत अशी की फ्रेंच 'तिक' हा शब्दही सतराव्या शतकात तबेल्यातूनच आलेला आहे. दावणीचे लाकूड दातांत धरून हवा गिळत राहणाऱ्या घोड्याच्या सवयीला तो लावत, आणि तेथून तो माणसाच्या चेहऱ्यावर आला. म्हणजे घड्याळाच्या टिकटिकीशी त्याचे काही नाते नाही; आपल्या 'खोडी'शी मात्र आहे. 'चाळा' हा हाताला लागतो, आणि अनेकवचनात गेला की 'नसते चाळे' होऊन त्याला लबाडीचा वास येतो. 'चळ' लागतो किंवा भरतो. तो वेडाच्या शेजारी राहतो. 'लकब' तेवढी मानाची. अरबीत तिचा अर्थ पदवी, उपाधी. मराठीत ती बोलण्याचालण्याची खास ढब झाली, आणि व्यक्तिचित्रे लिहिणाऱ्यांचा तर तिच्यावाचून संसार चालत नाही. चारही शब्दांत एक गोष्ट समान आहे. हालचाल कशी आहे हे ते सांगत नाहीत. त्या हालचालीमुळे माणसाविषयी आपले मत काय झाले, हे सांगतात.

आपल्या जुन्या वैद्यकात असे नव्हते, हे येथे नोंदवले पाहिजे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात पापण्यांच्या रोगांमध्ये 'निमेष' नावाचा एक रोग आहे. वायू पापण्यांतील शिरांमध्ये शिरतो आणि पापण्या प्रमाणाबाहेर हलवतो, असे त्याचे वर्णन. आजच्या अर्थाने तो टिकच होता असे म्हणणे धाडसाचे होईल. पण पापणी वायू हलवतो, मुलगा हलवत नाही, हे त्यात स्पष्ट आहे. घरातली आणि शाळेतली मराठी मात्र या वायूकडे गेली नाही. ती एकीकडे डोळा लवण्याच्या शकुनाकडे गेली आणि दुसरीकडे खोडीकडे.

आता जॉन्सन. मराठी गद्याच्या अभ्यासकाला डॉ. सॅम्युएल जॉन्सन (१७०९–१७८४) परका नाही. त्याच्या 'रासेलस'चे भाषांतर कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी हाती घेतले आणि विष्णुशास्त्र्यांनी ते पुरे केले. १८७४ मध्ये सुरू झालेल्या 'निबंधमाले'त विष्णुशास्त्र्यांनी जॉन्सनवर विस्ताराने लिहिलेही. अर्वाचीन मराठी निबंधाच्या पायाशी ज्या परक्या लेखकांची सावली आहे, त्यांत हा एक प्रमुख. इंग्रजी कोशकारांचा हा आद्य पुरुष चारचौघांत बसला की त्याचे शरीर काय काय करत असे, हे बॉस्वेलने १७९१ च्या चरित्रात इतके बारकाईने टिपले आहे की, विसाव्या शतकातल्या डॉक्टरांना त्यावरून मरणोत्तर निदान करण्याचा मोह आवरला नाही. बहुतेकांचा कौल 'तुरेत सिंड्रोम' असा पडला.

बॉस्वेलची नोंद वर्गीकरणाच्या दृष्टीने वाचून पाहण्यासारखी आहे. जॉन्सनचे डोके उजव्या खांद्याकडे कललेले असे आणि ते थरथरल्यासारखे हले. थोडेच स्नायू, क्षणिक आणि अर्थशून्य हालचाल : आजच्या भाषेत याला साधा टिक म्हणतात. बोलता बोलता तो धड पुढेमागे हलवी आणि त्याच लयीत डावा गुडघा तळहाताने चोळत राही. येथे अनेक स्नायू एका क्रमाने काम करतात, हालचालीला हेतू असल्यासारखे दिसते. हा संमिश्र टिक. तोंडाने तो कधी रवंथ केल्यासारखा आवाज करी, कधी अर्धवट शीळ घाली, कधी जीभ टाळूला लावून कोंबडीसारखा क्लकक्लक करी. हे ध्वनीचे टिक, तेही साधे. कारण त्यांत शब्द नाहीत. एकटा असला की तो प्रार्थनेचे तुकडे पुटपुटत असे, तेथे ध्वनीला शब्द मिळाले. आणि मग ती प्रसिद्ध दाराची गोष्ट : एखाद्या दारातून जाताना ठरावीक जागेपासून ठरावीक पावलांत उंबरा ओलांडला जावा, अमुकच पाय आधी पडावा, असा त्याचा नेम होता. हिशेब चुकला तर तो मागे फिरून पुन्हा चालू लागे. बॉस्वेलला ही लहानपणी जडलेली कसली तरी श्रद्धा वाटली. विचारण्याचे धैर्य त्याला कधी झाले नाही.

ही शेवटची गोष्ट टिक नव्हे, असे आजचा डॉक्टर बहुधा म्हणेल. तेथे संख्या आहे, नियम आहे, नियम मोडला तर काही बिघडेल अशी मनातली धास्ती आहे. अशा कृतीला वैद्यक सक्तीची कृती म्हणते, आणि आपला 'चळ' हा शब्द तिच्या सर्वांत जवळ जातो. टिकाच्या आधी असा विचार नसतो, शरीरातली एक संवेदना असते. अर्थात ही सीमा पुसट आहे. तुरेत असलेल्या पुष्कळांना दोन्ही असतात, आणि एखादी वस्तू 'बरोबर वाटेपर्यंत' शिवत राहणे कोणत्या खात्यात टाकावे याचे उत्तर चांगल्या डॉक्टरलाही चटकन देता येत नाही.

पण जॉन्सनच्या बाबतीत खरा वाद बॉस्वेल आणि चित्रकार जोशुआ रेनल्ड्स यांच्यात झाला, आणि आम्हांला तो या सगळ्या इतिहासाचा गाभा वाटतो. बॉस्वेलने निदान केले ते 'सेंट व्हायटसच्या नाचा'चे. इंग्रज वैद्य टॉमस सिडनहॅम याने १६८६ मध्ये वर्णिलेला हा विकार म्हणजे आजचा कोरिया. रेनल्ड्सने हे खोडून काढले. त्याचे म्हणणे असे की, या हालचालींना झटके म्हणणे चूक आहे. कारण बसायला सांगितले की जॉन्सन इतर कोणाही माणसासारखा निश्चल बसू शकत असे. (व्यक्तिचित्रांचा चित्रकार समोरच्याला स्थिर बसवण्याच्या बाबतीत अधिकारवाणीने बोलणारच.) मनात काही नको ते विचार येतात आणि त्यांच्या सोबतीने ही अंगविक्षेपांची सवय लागलेली आहे, असा निष्कर्ष त्याने काढला.

रेनल्ड्सचे निरीक्षण अचूक आहे. कोरिया आणि टिक यांतला भेद आजही याच ठिकाणी शोधतात. कोरियाच्या हालचाली एका अवयवातून दुसऱ्यात वाहत जातात, पुढची कोणती येईल ते सांगता येत नाही, आणि रोखू म्हटल्याने त्या रोखल्या जात नाहीत. टिक ठरावीक असतो, तोच तोच असतो आणि थोडा वेळ दाबून धरता येतो. हा भेद शिक्षकांनी लक्षात ठेवण्याजोगा आहे; कारण घशाच्या संसर्गानंतर काही मुलांना जो ऱ्हुमॅटिक ताप येतो, त्याच्या पाठोपाठ कोरिया येऊ शकतो आणि सोबत हृदयाच्या झडपाही बिघडू शकतात. कालपर्यंत नीट लिहिणाऱ्या मुलाचे अक्षर अचानक मोडते, हातून वस्तू पडतात. तेथे 'चाळे करू नकोस' म्हणून भागत नाही. त्याला लवकर दवाखान्यात न्यावे लागते.

निरीक्षण अचूक, पण निष्कर्ष? रोखता येते, त्या अर्थी सवय आहे. सवय आहे, त्या अर्थी सोडता येईल. ही पायरी रेनल्ड्सने चढली आणि पुढे जवळजवळ दोनशे वर्षे सगळेच चढत राहिले. खुद्द जॉन्सनही. एका लहान मुलीने, तुम्ही असे विचित्र हावभाव का करता, असे त्याला विचारले, तेव्हा ही वाईट सवय आहे, तू अशा सवयींपासून जप, असे तो तिला म्हणाला. हजारो शब्दांच्या छटा वेगळ्या करून दाखवणाऱ्या कोशकाराला स्वतःच्या शरीरासाठी मिळाला तो एवढाच शब्द, 'खोड'.

पॅरिसमध्ये काय झाले ते थोडक्यात सांगण्यासारखे आहे. मुक्या-बहिऱ्यांच्या संस्थेतला डॉक्टर इतार याने १८२५ मध्ये एका सरदार घराण्यातल्या स्त्रीची हकीकत छापली. सातव्या वर्षापासून तिला अंगाचे झटके येत, पुढे ओरडणे आणि अर्वाच्य शब्दही आले. इतिहास तिला मार्कीझ द दांपिएर या नावाने ओळखतो. साठ वर्षांनी, १८८५ मध्ये, शार्कोचा शिष्य जॉर्ज जिल द ला तुरेत याने नऊ रुग्णांवर निबंध लिहिला; त्यात पहिली हकीकत तिचीच, इतारकडून घेतलेली. शार्कोने शिष्याचे नाव रोगाला दिले. त्या निबंधात तुरेतने मलायातली 'लाता', सायबेरियातली 'मिर्याचित' आणि अमेरिकेतल्या मेन प्रांतातले 'उड्या मारणारे' लाकूडतोडे हे दचकण्याचे प्रकारही एकाच माळेत ओवले होते. ते पुढे वेगळे काढावे लागले. चेहऱ्याच्या मज्जातंतूच्या असह्य वेदनेलाही फ्रेंचमध्ये 'तिक'च म्हणत, तिचाही संबंध तोडावा लागला. मार्कीझची गोष्ट मात्र इतकी नाट्यमय होती की शिव्या हेच या विकाराचे लक्षण होऊन बसले. वास्तविक तुरेत असलेल्यांपैकी साधारण दहा-पंधरा टक्क्यांतच ते आढळते. पहिला दृष्टांत कोणता निवडला यावर पुढचे आकलन किती काळ अडून राहते, हे साहित्याच्या इतिहासकारांना वेगळे सांगायला नको.

१९०२ मध्ये आंरी मेज आणि फेंदेल यांनी टिकांवर मोठा ग्रंथ लिहिला. त्याचे पहिले प्रकरण म्हणजे 'ओ' या आद्याक्षराने ओळखल्या जाणाऱ्या चोपन्न वर्षांच्या एका गृहस्थाचे आत्मनिवेदन. आपले टिक कसे आले, ते दडवण्यासाठी कोणत्या युक्त्या केल्या आणि त्या युक्त्यांचेच पुढे नवे टिक कसे झाले, हे तो इतक्या विनोदी तटस्थपणे सांगतो की ते स्वतंत्र वाङ्मय म्हणून वाचावे. ग्रंथकारांनी मात्र निष्कर्ष काढला तो दुबळ्या इच्छाशक्तीचा, बालिश मनाचा. आणि उपचार सांगितला तो आरशासमोर निश्चल उभे राहण्याच्या कवायतीचा. रुग्ण जे सांगतो ते त्यांनी छापले, पण वाचले नाही असेच म्हणावे लागेल. १९२१ मध्ये फेरेन्झी या मनोविश्लेषकाने टिकांवर लिहिले ते तर मुख्यतः याच पुस्तकाच्या आधारे. त्याविषयी येथे अधिक लिहीत नाही.

हा गुंता सैल होऊ लागला तो १९६१ नंतर, हॅलोपेरिडॉल या औषधाने टिक कमी होतात असे दिसल्यावर. इच्छाशक्ती दुबळी असेल तर ती गोळीने कशी सुधारेल, हा प्रश्न टाळता येईना. न्यूयॉर्कच्या आर्थर आणि इलेन शपायरो या दांपत्याने तो लावून धरला. परंतु रेनल्ड्सच्या कोड्याचे उत्तर औषधातून मिळत नाही. ते मिळाले १९८० मध्ये, आणि दिले ते एका रुग्णाने. जोसेफ ब्लिस या गृहस्थाने अनेक दशके स्वतःच्या टिकांचे निरीक्षण करून लिहिलेला लेख एका प्रतिष्ठित मानसोपचार नियतकालिकात छापला गेला. टिकाच्या आधी त्या जागी एक सूक्ष्म संवेदना उमटते, ती वाढत जाते, आणि हालचाल केली की क्षणभर शमते, असे त्याने लिहिले. म्हणजे हालचाल एका अर्थी तोच करतो. पण कोणी कंड सुटल्यावर खाजवतो तसा. शिंक आवरता येते, जांभई दाबता येते. पण म्हणून आपण ती मुद्दाम देतो असे कोणी म्हणत नाही.

येथे मराठीचा प्रश्न उभा राहतो. पाठ्यपुस्तकी मराठी टिकांना 'अनैच्छिक' म्हणते. हृदयाचे ठोके अनैच्छिक आहेत, कोरिया अनैच्छिक आहे; टिक तसा नाही. मुलगा दहा मिनिटे तो आवरून दाखवू शकतो, आणि त्याने आवरून दाखवला की 'अनैच्छिक' या शब्दावरचा शिक्षकांचा विश्वास उडतो. आमच्या मते येथे खरा शब्द 'अनावर' हा आहे. हसू अनावर होते, रडू अनावर होते. आवरण्याचा प्रयत्न झाला आहे आणि तो पुरला नाही, हे या एका शब्दात येते.

हा प्रयत्न किती महाग पडतो, हे आम्ही एका तोंडी परीक्षेत पाहिले आहे. विद्यार्थिनी पहिली काही मिनिटे अगदी स्थिर होती, पण उत्तरे मात्र तुटक. मग तिने दोनदा मान झटकली, नाक ओढले, आणि त्यानंतर ज्ञानेश्वरीतल्या उपमांवर ती जे बोलली ते त्या दिवशीचे सर्वांत चांगले उत्तर होते. शेजारच्या परीक्षकांचा समज झाला की ती प्रश्नांना नाक मुरडते आहे. नाक ओढणे, खाकरणे, घशातून बारीक आवाज काढणे हे ध्वनीचे टिक ओळखणे सर्वांत कठीण. सर्दी, ॲलर्जी, उद्धटपणा अशा तीन पाट्या त्यांवर आधीच लागलेल्या असतात.

वैद्यकाचे आजचे वर्गीकरण त्या मानाने रुक्ष आहे, आणि त्यातच त्याचे मोल. २०१३ च्या अमेरिकन निदानपुस्तिकेनुसार अठराव्या वर्षाच्या आत सुरुवात झालेली हवी. टिक सुरू होऊन वर्ष झाले नसेल तर ते तात्पुरते मानावेत. वर्ष उलटले आणि फक्त हालचालींचे किंवा फक्त ध्वनीचे असतील तर दीर्घकालीन. अनेक हालचालींचे आणि निदान एक ध्वनीचा असे दोन्ही केव्हा ना केव्हा दिसले असतील, तर तुरेत. बहुतेकदा ते पाच-सहा वर्षांच्या आसपास डोळ्यांपासून सुरू होतात, दहा ते बारा या वयात जोर धरतात आणि पुढे पुष्कळांचे ओसरतात. म्हणजे म्हणीतले 'मेल्याशिवाय' हे तरी खरे नाही. मधेच महिनाभर नाहीसे होतात, जागा बदलतात. तीन वर्षांच्या आतच सुरू झालेले, आनंदाच्या भरात हात फडफडवणे किंवा डुलणे हा प्रकार निराळा. त्यात ती टोचणारी संवेदना नसते, मूल उलट रमलेले असते.

यात एक नवी भर पडली ती २०२०-२१ मध्ये. महासाथीच्या काळात अनेक देशांत, विशेषतः किशोरवयीन मुलींमध्ये, एकाएकी तीव्र आणि गुंतागुंतीच्या टिकांसारख्या हालचाली दिसू लागल्या. समाजमाध्यमांवरच्या चित्रफितींमध्ये दिसणाऱ्या हालचालींशी त्यांतल्या काहींचे साम्य होते. वय वेगळे, सुरुवात वेगळी, चढउतार वेगळे; म्हणून डॉक्टरांनी त्यांना कार्यात्मक टिकसदृश हालचाली असे वेगळे नाव दिले. त्याही मुली सोंग करत नव्हत्या, हे सांगायला डॉक्टर विसरले नाहीत. उपचार मात्र वेगळे लागतात, म्हणून भेद हवा.

दुसऱ्याचे पाहून टिक लागतील, ही भीती जुनी आहे आणि तिनेच जॉन्सनची नोकरी घालवली. १७३५ मध्ये सॉलिहल येथील शाळेत शिक्षकाच्या जागेसाठी त्याचे नाव सुचवले गेले होते. संस्थेकडून आलेले नकाराचे पत्र उपलब्ध आहे. तो गर्विष्ठ आणि तापट आहे ही तक्रार आहेच. शिवाय तो चेहरा वेडावाकडा करतो आणि त्याचा मुलांवर परिणाम होईल, असेही आहे. याच वाक्याच्या पोटात, हे त्याच्या हातात नाही, अशी कबुलीही दिलेली आहे. आणखी एका शाळेत त्याला नाकारण्याचे कारण मुले नक्कल करतील हेच होते. अमेरिकेतल्या ब्रॅड कोहेन या तुरेत असलेल्या शिक्षकाला चोवीस शाळांनी नाकारले. त्याच्या आत्मकथनावर आधारलेला 'हिचकी' हा हिंदी चित्रपट २०१८ मध्ये आपल्याकडे आला. हिचकी म्हणजे उचकी, आणि उचकी हा टिक नव्हे. पण नाव देणाऱ्याने शब्द चतुराईने निवडला आहे. उचकी लागलेल्याला आपण पाणी देतो आणि कोणी आठवण काढली म्हणून हसतो.

जॉन्सनने मग एडियल येथे स्वतःची शाळा काढली. हाताच्या बोटांवर मोजण्याइतके विद्यार्थी आले, त्यांत डेव्हिड गॅरिक नावाचा एक होता. मुलांनी मास्तरांची नक्कल केलीच, आणि गॅरिकने सर्वांत हुबेहूब केली. आमच्या रंगभूमीवर प्रभाकर पणशीकरांनी 'तो मी नव्हेच'मध्ये (१९६२) एकाच माणसाची अनेक सोंगे उभी केली, ती प्रत्येकाला निराळी लकब देऊनच. पडदा पडला की ती लकब रंगपटात राहत असे. गॅरिकलाही ती हवी तेव्हा घालता आणि उतरवता येत होती. शाळा चालली नाही. मार्च १७३७ मध्ये गुरुशिष्य दोघेही नशीब काढायला बरोबरच लंडनला निघाले. गॅरिक त्या शतकातला सर्वश्रेष्ठ इंग्रज नट झाला, आणि मित्रांच्या बैठकीत मास्तरांची नक्कल करून दाखवणे त्याने पुढेही सोडले नाही.